ज्वारीची भाकरी आणि ‘लॅन्सेट’ : तारनाक्याच्या एका शास्त्रज्ञाची लेखनसूची वाचताना

आपल्या मंडळात वाचली जाणारी टिपणं बहुतेक वेळा इमारती, बारवा, शिलालेख नाहीतर जुन्या नकाशांवर असतात. माझंही मागचं टिपण सुलतान बाजारातल्या मराठी वस्तीवर होतं. या वेळचं साधन जरा वेगळं आहे. ते दगडी नाही, आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासारखंही नाही. ती एका माणसाने साठांहून अधिक वर्षांत लिहिलेल्या शोधनिबंधांची यादी आहे. ही यादी इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात बैठकीनंतर चहा पिताना मंडळातली एक तरुण सभासद म्हणाली, “काका, आमच्याकडे माणसाची किंमत एका आकड्यात सांगतात.” ती जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते. मी विचारलं, म्हणजे कशी? तिने एच-इंडेक्स समजावून सांगितला. एखाद्याचे २० लेख असे असतील, की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी आपल्या लेखांत निदान २० वेळा केला आहे, तर त्याचा एच-इंडेक्स २०. जॉर्ज हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही युक्ती काढली आणि आज नोकरी, बढती, अनुदान सगळीकडे ती चालते. मी म्हटलं, “मग आपल्या हैदराबादच्या एखाद्या मोठ्या माणसाचा आकडा काढून दाखव की.” तिने विचारलं, कुणाचा? माझ्या तोंडून पटकन नाव निघालं : डॉ. सी. गोपालन.

हे नाव का निघालं त्याला कारण आहे. ते कारण आमच्या घरच्या भाकरीशी निगडित आहे, आणि त्याच्याकडे मी शेवटी येतोच.

आधी नावाचा घोळ

तिने मोबाइलवर ‘गोपालन सी’ टाकलं आणि भली मोठी यादी आली. पण वाचायला लागलो तर ती एका माणसाची नव्हतीच. दक्षिणेत आडनाव असायलाच पाहिजे असं नाही. कोलुथूर गोपालन यांचं ‘गोपालन’ हे स्वतःचं नाव आणि ‘सी’ हे कोलुथूरचं आद्याक्षर. पाश्चात्त्य सूचीने मात्र गोपालनला आडनाव ठरवलं आणि त्याच आद्याक्षराचे इतर गोपालनही त्याच रांगेत उभे केले. म्हणजे मोजणी सुरू करण्याआधीच इतिहासकाराचं पहिलं काम पुढ्यात आलं : हा माणूस नक्की कोण, आणि यातलं त्याचं काम कोणतं?

दुसरा घोळ जुना आहे. लेखांचे उल्लेख पद्धतशीर मोजायला सुरुवात झाली ती १९६० च्या दशकात, फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने. त्या छापील जाड ग्रंथांत उल्लेख केलेला लेख फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली लावलेला असे. तीन जणांनी मिळून काम केलं, तरी शोधताना सापडणार एकच. गोपालन यांच्या बऱ्याच महत्त्वाच्या लेखांत पहिलं नाव सहकाऱ्याचं आहे. उदाहरणार्थ १९६४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, माकडांच्या पिलांना अफ्लाटॉक्सिन खाऊ घालून केलेल्या प्रयोगाचा लेख. शेंगदाण्याला, मक्याला बुरशी लागली की हे विष तयार होतं. त्या लेखाचे पहिले लेखक पी. जी. तुळपुळे, दुसरे माधवन आणि तिसरे गोपालन. एका मराठी माणसाचं नाव त्या काळच्या ‘लॅन्सेट’मध्ये सगळ्यात पुढे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मला नव्हतं.

कुन्नूर ते तारनाका

आता जागेबद्दल. तारनाक्याला मेट्रोतून उतरून उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूला निघालं की राष्ट्रीय पोषण संस्थेचं आवार लागतं. पत्त्यात अजून ‘जामे उस्मानिया’ लिहितात. ही संस्था मूळची हैदराबादची नाही. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये निलगिरीत, कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत बेरीबेरीच्या चौकशीचं काम सुरू केलं. त्यातून पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाल्या. मॅककॅरिसन यांच्यानंतर डब्ल्यू. आर. आयक्रॉइड आले आणि त्यांच्यानंतर डॉ. वि. ना. पटवर्धन. १९५८ मध्ये प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला हलली ती पटवर्धनांच्या काळात. १९६९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पटवर्धनांचं ‘न्यूट्रिशन इन इंडिया’ हे पुस्तक १९५२ मध्ये मुंबईहून निघालं होतं. आज आपल्याला संस्थेचं आवार माहीत असतं, पण ती इथे आली तेव्हा तिच्या प्रमुखपदी कोण होतं हे नाव गळून पडलेलं असतं.

स्थलांतराची तारीख आपल्यासाठी महत्त्वाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्रला. पण रेल्वे, बाजार, नातीगोती आणि दवाखान्याची वाट एका रात्रीत बदलत नाही. सरहद्द आखून झाल्यावर दोन वर्षांनी ही प्रयोगशाळा इथे आली. कुन्नूरला असताना तिच्या भोवती भात खाणारा मुलूख होता, बेरीबेरीचं कोडंही भाताचंच. हैदराबादला आल्यावर तिच्या दारात आला तो ज्वारीचा मुलूख. माझं मत असं, की ‘लॅन्सेट’मधल्या ज्या लेखाबद्दल मी पुढे सांगणार आहे, त्याच्या लेखकांइतकाच वाटा या पत्ता-बदलाचा आहे. कुठल्याही लेखनसूचीत ही गोष्ट दिसत नाही. ती दिसायला नकाशा शेजारी ठेवावा लागतो.

गोपालन यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९१८ चा, तमिळनाडूतल्या सेलमचा. म्हणजे ते आणि ही संस्था एकाच वर्षाचे. मद्रासला डॉक्टरी, लंडनला संशोधन आणि मग कुन्नूर. त्यांचा एक सुरुवातीचा लेख १९४६ च्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आहे, तळपायांची आग होण्याच्या विकारावर. गरीब माणसाच्या शरीरावर दिसणारं एखादं लक्षण धरायचं आणि त्याच्या ताटापर्यंत मागे जायचं, ही त्यांची पुढची सगळी वाट त्या लेखापासूनच सुरू झालेली दिसते.

ज्वारीचं कोडं

पेलाग्रा हा रोग जगाला मक्यामुळे माहीत झाला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. नाव इटालियन, अर्थ खरखरीत कातडी. उन्हाला उघडी राहणारी कातडी, म्हणजे हात, पाय, मान, काळपट पडते, सोलते. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उठतो, त्याला आजही ‘कासालचा हार’ म्हणतात. मग जुलाब. आणि शेवटी डोक्यावर परिणाम. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग करून हा रोग जंतूंचा नाही, खाण्याचा आहे, हे दाखवलं. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेजेम यांनी नायसिन हे त्यावरचं औषध सिद्ध केलं. शरीर थोडंफार नायसिन स्वतःही बनवतं, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नायसिन, असा तो हिशोब. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि नायसिन आहे ते अंगी लागत नाही, म्हणून मका खाणाऱ्यांना पेलाग्रा. इथपर्यंत गोष्ट सरळ होती.

हैदराबादला ती अडली. इथल्या दवाखान्यांत पेलाग्राचे रुग्ण येत होते, पण ते मका खाणारे नव्हते. ते ज्वारी खाणारे होते. आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन काही मक्यासारखं कमी नाही, नायसिनही ठीकठाक असतं. कागदावरच्या हिशोबाने या माणसांना हा रोग व्हायलाच नको होता.

गोपालन आणि त्यांचे सहकारी एस. जी. श्रीकांतिया यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. मक्यात आणि ज्वारीत काय कमी आहे, हे न विचारता दोघांत काय जास्त आहे, असं विचारलं. उत्तर आलं ल्युसीन. हेही एक अमिनो आम्लच. भाताच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते साधारण ८ ग्रॅमच्या आसपास असतं, ज्वारीच्या कित्येक वाणांत १२ च्याही पुढे जातं. हे जादा ल्युसीन ट्रिप्टोफॅन-नायसिनच्या कामात अडथळा आणत असावं, असं त्यांनी मांडलं. १९६० च्या ‘लॅन्सेट’मध्ये तो लेख आला. मोजून चार पानं.

पुढची पंधरा वर्षं त्याच धाग्यावर काम चालू राहिलेलं यादीत दिसतं. १९६३ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये बेलवडी, श्रीकांतिया आणि गोपालन यांचा लेख : तोंडावाटे ल्युसीन दिल्यावर ट्रिप्टोफॅनचं काय होतं? १९६५ मध्ये रघुरामुलू, नरसिंग राव आणि गोपालन : तेच उंदरांत. १९६७ मध्ये कुत्र्याच्या पिलांत ल्युसीनमुळे काळी जीभ, म्हणजे कुत्र्यांमधला पेलाग्रा. १९७१ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’, कमला कृष्णस्वामी यांच्याबरोबर : आयसोल्युसीन दिल्यावर रुग्णांच्या त्वचेत आणि मेंदूच्या आलेखात काय फरक पडतो. १९७५ मध्ये जया राव यांच्याबरोबर सगळ्याचा एकत्र आढावा. क्रम लावून वाचलं की हे सुटे लेख राहत नाहीत. एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणारं घरच दिसायला लागतं, आणि त्या घरात बरीच माणसं आहेत.

उल्लेख वाढले, एकमत झालं नाही

आता आकड्याकडे या. ल्युसीनच्या लेखांचे उल्लेख जगभर झाले. पण मंडळातल्या त्या मुलीने आणि मी बसून यातले काही उल्लेख उघडून वाचले, तेव्हा गंमत कळली. बरेचसे उल्लेख “हे असं आहे” असं सांगणारे नाहीत. ते “हे असं आहे का?” असं विचारणारे आहेत. अमेरिकेत मॅन्सन आणि केनेथ कार्पेंटर यांनी १९७८ मध्ये कुत्र्यांना भरपूर ल्युसीन खाऊ घालून पाहिलं, त्यांना नायसिनवर परिणाम दिसला नाही. उलट लंडनचे डेव्हिड बेंडर यांनी १९८३ मध्ये उंदरांवर काम करून ल्युसीन पेलाग्राला कसं कारण होऊ शकेल याची एक यंत्रणा मांडली. मग लोक सावधपणे लिहू लागले : नायसिन आणि ट्रिप्टोफॅन भरपूर असताना ल्युसीनने फारसं बिघडत नसेल, पण आधीच काठावर असलेल्या माणसाला ते ढकलू शकतं. इतरही कारणं जोडली गेली, ब-६ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातलं एक.

मोजणाऱ्याच्या लेखी खोडून काढणारा उल्लेखही एक, आणि मान्य करणाराही एकच. ग्रामपंचायतीच्या दप्तरात एखाद्या जमिनीचं नाव शंभर वेळा आलं, तर ती फार सुपीक असेल असं आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, बहुतेक तिच्यावर तंटा असेल. लेखाचंही तसंच. उल्लेख किती, यावरून लोकांना तो टाळता आला नाही एवढं कळतं. तो खरा होता का, हे कळायला प्रत्येक उल्लेख उघडून वाचावा लागतो.

दरम्यान हैदराबादमध्ये या वादाला एक फार व्यावहारिक फाटा फुटला होता. सगळ्या ज्वारीत ल्युसीन सारखं नसतं. मग कमी ल्युसीनची ज्वारी शोधली तर? संकरित ज्वारीचा तो जमाना. सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये आलं, आणि आपल्याकडे ‘हायब्रीड’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसला तो याच पिकामुळे. पोषण संस्थेतल्या य. ग. देवस्थळे यांच्यासारख्यांनी ज्वारीच्या वाणांची पृथक्करणं केली. दाण्यातली द्रव्यं कशाने बदलतात, यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख १९७२ मध्ये एका भारतीय शेती-नियतकालिकात आहे. पुढे कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की १०० ग्रॅम प्रथिनात ११ ग्रॅमपेक्षा कमी ल्युसीन असलेली ज्वारी खाणाऱ्या जनावरांना नायसिनची कमतरता झाली नाही. भारतीय नियतकालिकांतले हे लेख आकड्यात मागे राहतात. पण भाकरीच्या दृष्टीने, दोष धान्याचा नसून वाणाचा असू शकतो, हे सांगणारे तेच आहेत.

पीठ, साखर, तेल

गोपालन यांच्या यादीतल्या आणखी एका लेखावर थांबायला हवं. १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर एकच गजर चालू होता : गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनं कमी पडतात, त्यांना प्रथिनांची पावडर द्या. हैदराबादच्या चमूने खेड्यातल्या कुपोषित मुलांना एक साधा खाऊ रोज दिला. गव्हाचं पीठ, साखर आणि तेल. ऊर्जा ३१० किलोकॅलरी, प्रथिनं फक्त ३ ग्रॅम. मुलं उंचीने आणि वजनाने वाढली. म्हणजे आधी पोटभर अन्नाचीच वाण होती. १९७३ मध्ये हा लेख अमेरिकेच्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्या सगळ्या प्रथिन-मोहिमेचा फज्जा उडाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी ज्यांना आठवते, त्यांना हा खाऊ ओळखीचा वाटेल.

इथे पुण्याचा धागा जोडावा लागतो. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते वीस वर्षं सांख्यिकीचे प्रमुख होते, आणि नंतर पुण्याला परतले. प्रथिनांची तूट ही खरं म्हणजे उष्मांकांची तूट आहे, असं तेही आकडेवारीवरून म्हणत होते. इथवर पुणे आणि हैदराबाद एका बाजूला. पण पुढे सुखात्मे यांनी मांडलं, की माणसाचं शरीर कमी-जास्त खाण्याशी जुळवून घेतं, त्यामुळे उपाशी लोकांचे आकडे फुगवून सांगितले जातात. पुण्याहून १९८२ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात डेव्हिड सेकलर यांचा ‘लहान पण निरोगी’ हा विचारही आला. गोपालन तोवर दिल्लीत होते. १९७४ ते ७९ भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे महासंचालक, आणि १९८० मध्ये त्यांनी न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया काढलेलं. त्यांनी १९८३ मध्ये उत्तर दिलं, त्याच्या शीर्षकाचा आशय असा : लहान असणं निरोगी? गरिबांसाठी, श्रीमंतांसाठी नव्हे.

हे उत्तर छापलं कुठे? ‘लॅन्सेट’मध्ये नाही. फाउंडेशनच्या स्वतःच्या चार-आठ पानी पत्रिकेत. त्याच पत्रिकेत २००८ मध्ये, म्हणजे ८९ व्या वर्षी, त्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांचा अतिरेक होतोय असं लिहिलं. आता हे बघा : मुलांना आंधळेपणापासून वाचवायला दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा डोस द्यायचा, हा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला तो हैदराबादच्याच कामाच्या आधारावर. काळ बदलला, रोग कमी झाला, तेव्हा आपल्याच संस्थेतून निघालेल्या उपायाला आवर घाला असं म्हणायला हा माणूस कचरला नाही. या पत्रिकेला ना इम्पॅक्ट फॅक्टर, ना वजन. आकड्याच्या चाळणीतून ती खाली पडते.

ज्याला आकडा मावत नाही ते पुस्तक

आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं काम तर शोधनिबंधच नाही. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ काढलं, भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं कोष्टक. त्याची वाढवत नेलेली आवृत्ती म्हणजे गोपालन, राम शास्त्री आणि बालसुब्रमण्यन यांचं १९७१ चं ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’. १९८९ मध्ये नरसिंग राव, देवस्थळे आणि पंत यांनी ते सुधारलं. २०१७ मध्ये ५२८ पदार्थांची नवी कोष्टकं आली. होम सायन्सच्या मुली, इस्पितळातले आहारतज्ज्ञ, अंगणवाडीचा खाऊ ठरवणारे, शालेय पोषण आहाराचं गणित करणारे, सगळे याच वंशावळीतल्या पुस्तकावर उभे आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत किती लोह, अंबाडीच्या पाल्यात किती कॅल्शियम, हे आपण जिथून वाचतो तिथल्या आकड्याचा माग काढला तर बहुतेक वेळा तारनाक्याला पोचतो. पण वापरणारा संदर्भ देतोच असं नाही. जेवढं काम अंगवळणी पडतं, तेवढे त्याचे उल्लेख कमी होत जातात. रोज वापरायच्या विहिरीवर कोण बांधणाऱ्याचं नाव घेतं?

आमच्या घरची गोष्ट

आता सुरुवातीला राहिलेलं कारण. आमचं गाव लातूरकडचं, लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आप्पा हैदराबादला सरकारी कचेरीत होते, छपन्ननंतर इथेच राहिले. काचीगुड्याच्या घरात आजी रोज भाकरी थापायची. साधारण सत्तरच्या आसपास गल्लीतले एक डॉक्टर थट्टेने म्हणाले, “ज्वारी खाऊन डोकं फिरतं म्हणे, विलायतेच्या मासिकात छापून आलंय.” आजीला ते फार लागलं. “आमच्या सात पिढ्या फिरल्या का डोक्यानं?” असं म्हणून तिने त्यांना पुन्हा कधी चहा विचारला नाही. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं, की तारनाक्याच्या त्या सायबांनी आमच्या भाकरीवर आळ घेतला. गोपालन हे नाव माझ्या डोक्यात बसलं ते असं, रागाने.

लेख वाचला तो आता, म्हातारपणी. आणि मग लक्षात आलं, तो आमच्या ताटाबद्दल नव्हताच. आजीच्या ताटात भाकरीबरोबर वरण असायचं, ताक असायचं, कधी शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी. अशा ताटात ल्युसीन काय करणार? तो लेख होता ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय काहीच नव्हतं त्यांच्याबद्दल. आणि अशी माणसं आमच्या गावात होती. आमच्याच शेतावर सालगडी होता, त्याला सालाची ज्वारी मिळायची, मिठा-मिरचीबरोबर तीच खायची. त्याच्या बायकोच्या हातांची सालं निघायची, उन्हाळ्यात गळ्याखाली काळा पट्टा उठायचा. आजी म्हणायची, “उन्हात राबती बिचारी, ऊन लागतंय.” तिला काय झालं होतं हे आज मी ठरवू शकत नाही. पण ‘कासालचा हार’ हे शब्द वाचले तेव्हा तिचा गळा डोळ्यापुढे आला, आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. पन्नास वर्षं आम्ही भाकरीच्या अब्रूसाठी भांडलो. त्या बाईच्या ताटात भाकरीशेजारी काय आहे, हे घरातल्या कुणी विचारलं नाही. ते तारनाक्याच्या लोकांनी विचारलं होतं.

पुढे पेलाग्रा हळूहळू दुर्मिळ झाला. ल्युसीनचा निकाल लागला म्हणून नव्हे. लोकांचं खाणं बदललं, ताटात दुसरंही काही येऊ लागलं. आंध्रात १९८३ मध्ये दोन रुपये किलो तांदूळ आला आणि ज्वारी मागे पडली. आता चक्र पुन्हा फिरलंय. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. राजेंद्रनगरच्या भरडधान्य संस्थेचं नाव वर्तमानपत्रांत आलं, आणि हायटेक सिटीतल्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी महाग मिळते. आजी असती तर हसली असती. चांगलंच आहे ते. फक्त एकदा दोषी आणि एकदा देवता ठरलेली ही भाकरी तीच आहे. फरक ताटात तिच्या शेजारी काय आहे याचा.

गोपालन ३ ऑक्टोबर २०१९ ला, शंभर वर्षं पुरी करून गेले. रॉयल सोसायटीचे फेलो (१९८७), पद्मभूषण (२००३). त्यांचा एच-इंडेक्स किती, हे मी मुद्दामच लिहिलेलं नाही. नावांचा घोळ, पहिल्या लेखकाचा नियम, भांडणाचे उल्लेख, पत्रिकेतले लेख आणि कोष्टकांचं पुस्तक, एवढं सगळं बाजूला ठेवून जो आकडा उरेल, त्याने आपल्या कामाला फार मदत होणार नाही.

मंडळाला माझी सूचना एवढीच. आपल्या शहरात संशोधन संस्था पुष्कळ आहेत. त्यांच्या जुन्या लेखांच्या याद्या आपणही दप्तरासारख्या वाचू या : कोणत्या साली, कोणत्या पत्त्यावरून, कुणाबरोबर, आणि कुठल्या रुग्णांबद्दल. या लेखांत संशोधकांची नावं असतात, रुग्णांची नसतात, तसा रिवाजच आहे. ते रुग्ण मात्र आपल्या आसपासचे होते, लातूरचे, बिदरचे, महबूबनगरचे. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला एकदा विचारून ठेवा, तुमच्या शेतावरची माणसं काय खायची. आमच्या घरी आता हे सांगायला कुणी उरलेलं नाही.